मिरच्यांची बायोलॉजी

खताचं काय घेऊन बसलात, आमच्या शेजारच्या अप्पांच्या मिरच्यांचं ऐका. अहमदपूरची माझी भाची स्वाती मेडिकलच्या क्लाससाठी आमच्याकडं लातूरला राहायची. उन्हाळ्यात घर तापायचं, म्हणून ती कॉलनीच्या बागेत भिंतीच्या सावलीला येरझाऱ्या घालत मोठ्यानं बायोलॉजी पाठ करायची. नेमका तिथलाच दुधीचा वेल लगडला. झालं, हा तिच्या पाठांतराचाच गुण म्हणत बागेत वाफे असलेल्या सगळ्यांनी तिच्या पाळ्या लावल्या. सोमवारी भेंडीपाशी, मंगळवारी अप्पांच्या मिरच्यांपाशी, बुधवारी आमच्या वांग्यांपाशी.

एका मंगळवारी अप्पा तणतणत दारात आले.

"वहिनी, तुमची पोरगी मिरच्यांपाशी फिजिक्स करून राहिली."

"मग काय झालं?"

"फुलं गळून राहिली की. बायोलॉजीचं ठरलं होतं आपलं."

पोरगी गरीब. तिनं बागेत फिजिक्सचं पुस्तक नेणंच सोडलं.

निकाल लागला. बायोलॉजीत क्लासात पहिली आणि फिजिक्समुळं मेडिकलचा नंबर हुकला. मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात अप्पा पिशवीभर मिरच्या घेऊन आले.

"चूक माझी हाय," खाली मान घालून म्हणाले. "औंदा तिला नुसतं फिजिक्स करू द्या. तुमच्या वांग्यांपाशी."