‘पडीक’ नावाचं फोल्डर

नाही हो ताई, बिघडलेला नाहीये तो — असाच असतो. काळा. काळ्यावर पांढरी अक्षरं, आणि तो चौकोन लुकलुकतोय ना, तो म्हणतोय, बोला, काय करू. माउस? माउस आहे की, त्या खणात आहे, मोज्यात गुंडाळून ठेवलाय. लागत नाही. मुलीनं तुम्हाला काय सांगितलं ते मी सांगतो — बाबांचा कॉम्प्युटर मेलाय, नवा बसवून द्या आणि जुना उचलून न्या. बरोबर? ती व्हिडिओवर बोलते तेव्हा माझ्या मागे हा पडदा बघते आणि तिला वाटतं बाबांचं काहीतरी बिनसलंय. बसा. त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय आखूड आहे, इकडे बसा. मशीन नेण्याआधी आतलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायचं म्हणालात ना — तेच चाललंय. एक ओळ टाकली, एंटर मारलं, झालं. वर सरकताहेत त्या फायली. तासभर लागेल. तेवढ्यात तुमच्या त्या खिडक्या-चित्रांच्या मशीननं तीनदा विचारलं असतं, नक्की ना, नक्की ना, नक्की ना? हा विचारत नाही. सांगितलं की करतो. चुकीचं सांगितलं तर चुकीचंही तितक्याच मनापासून करतो.

सवय आहे हो. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तिथे असलेच काळे पडदे. कुणाची लाइन चालू करायची, एक ओळ. कुणाची तोडायची, एक ओळ. कुणाची तोडतोय त्याचं तोंड दिसत नाही, नुसता नंबर. निवृत्त झालो तरी बोटं तीच राहिली — दोनच बोटं, हे बघा, ही दोन, बाकीची आठ पेन्शनवर. पण सगळं होतं. मुलीचे हजारेक फोटो होते, एकाचंही नाव धड नाही, नुसते आकडे. एका ओळीत सगळ्यांना तारखेप्रमाणे नावं दिली. बायकोच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली की हा बोंबलतो, तेही एका ओळीचं काम. माझी डायरी साधी मजकुराची फाइल, वीस वर्षांची — गच्ची कधी गळली होती विचारा, ‘गच्ची’ शब्द शोधायला सांगतो, सगळ्या तारखा खाली उतरतात. हिला मात्र पटत नाही. संध्याकाळी हे लावलं की म्हणते, उघडलं का यांचं काळं तोंड! मशीनला म्हणते की मला, ते मी अजून विचारलेलं नाही.

कुठलं? ते? ते एक फोल्डर आहे. त्याचं आता तुम्ही नाव वाचलंत ना सरकताना — ‘पडीक’. काही नाही, जुनी पत्रं. मेल. भावाची. वाट चुकून तिथे जाऊन पडली होती. मशीनचा घोटाळा. होतं असं कधीकधी, तुम्हाला माहीत आहे, तुमचा धंदाच आहे. सात महिन्यांपूर्वी डिस्क भरली, हा म्हणाला जागा नाही, मी म्हटलं कोणी खाल्ली सांग — एक ओळ असते, कुठलं फोल्डर किती जड ते उतरत्या क्रमानं दाखवते. पहिल्या नंबरला मुलीचे फोटो. दुसऱ्या नंबरला ‘पडीक’. मी म्हटलं हे काय बुवा! उघडलं, तर त्रेसष्ट पत्रं. अकरा वर्षांची. एकही वाचलेलं नाही.

हो, सख्खाच. धाकटा. अकरा वर्षं बोलत नव्हतो. कारण? कारण सरळ आहे. वडील गेले आणि त्यानं मला कळवलं नाही. मला मावशीकडून कळलं, दुसऱ्या दिवशी. पोचलो तोवर सगळं आटोपलेलं. चार माणसांत मी त्याला विचारलं, मोठा भाऊ आहे मी, मला परक्यासारखं कळावं? तर तो म्हणाला, कळवलं होतं. एवढंच. मी म्हटलं, खोटं बोलतोस — बापाच्या मरणावर खोटं बोलतोस. त्यानं माझी पाण्याची बाटली भरून दिली प्रवासासाठी. बस्स. तेव्हापासून जो नातेवाईक भेटेल त्याला मी हे सांगितलं. लग्नकार्यात सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, एकदा तर बँकेच्या रांगेत सांगितलं. फोन नाही, पत्र नाही, काही नाही म्हणून. फोन — फोन केला असेल त्यानं. मी त्याचा नंबर उचलत नव्हतो त्या आठवड्यात. पण ते वेगळं.

वेगळं म्हणजे — त्याआधी आमचं झालं होतं थोडं. वडील त्याच्याकडे असायचे. त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. उठायचे आणि चालू लागायचे. एकदा बसस्टॉपवर सापडले, अंगात बनियन आणि काखेत भिंतीवरचं घड्याळ. भावाचा टायपिंगचा क्लास — सकाळी दोन तास तो खाली शिकवायचा, तेवढा वेळ घराला बाहेरून कुलूप. मी वर्षातून दोनदा जायचो. त्या खेपेला गेलो तर दाराला कुलूप, आणि वडील खिडकीत, गज धरून. मला म्हणाले, कोण आपण? कोणाकडे आलात? अगदी अदबीनं विचारलं हो. एक्स्चेंजमध्ये आम्ही विचारायचो तसं. मी जिना उतरलो आणि त्याच्या क्लासात, त्या पंधरा-वीस मुलींच्या देखत ओरडलो, बापाला कोंडतोस? जनावर आहे का तो? सगळी मशीनं थांबली. वीस टाइपरायटर एकदम थांबले की कान कसे होतात, कल्पना नाही तुम्हाला. तो म्हणाला, दादा, तू घेऊन जातोस का? आजच ने. मी म्हटलं — म्हणजे आमची जागा लहान, मुलीची परीक्षा, हिची पाठ — दुपारच्याच गाडीनं परत आलो.

हळू बोलूया जरा. ही आत पडलीय, झोप लागलेली नाही तिला, कूस बदलली की पलंग वाजतो. तिला मी मशीनचा घोटाळा म्हणून सांगितलंय.

आता तुम्ही यातल्याच, तुमच्यापासून काय लपवायचं. पत्रं आपोआप चुकतात का अशी? एकाच माणसाची? अकरा वर्षं? नाही चुकत. नियम लिहावा लागतो. तीन ओळींचा नियम — या पत्त्यावरून जे येईल ते ‘पडीक’मध्ये टाक, आणि मला सांगू नकोस. मी लिहिला. त्याच दिवशी, गाडीतून उतरून आल्यावर, बूटसुद्धा काढले नव्हते. फायलीवर तारीख असते, ती पुसत नाही. वडील त्यानंतर नऊ दिवसांनी गेले. नऊ दिवसांत तीन पत्रं आहेत. पहिलं — ‘दादा, बाबा तुझं नाव घेताहेत. आज ओळखतील. ये.’ दुसरं — ‘फोन उचल.’ तिसरं — ‘आता घाई करू नकोस. सावकाश ये.’

घ्या, पाणी घ्या. तांब्या झाकलेलाच आहे.

विसरलो होतो मी नियम. खरंच. माणूस रागात लिहितो आणि विसरतो, एवढी गुंतागुंत असते, कोणाच्या लक्षात राहणार — नाही. जाऊ दे. विसरलो नव्हतो. तो ‘कळवलं होतं’ म्हणाला ना, तेव्हाच नियम आठवला. घरी आलो, खुर्चीवर बसलो, ही दोन बोटं कीबोर्डवर ठेवली. फोल्डर उघडायला एक ओळ लागते. मघाशी तुम्हाला फुशारकीनं सांगितलं ना, सगळं एका ओळीत होतं — ती एक ओळ मी अकरा वर्षं टाकली नाही. उघडलं नाही तोवर तो खोटारडा आणि मी बरोबर. उघडलं की संपलं. डिस्क भरली नसती तर आजही — डिस्क भरली म्हणून. जागेसाठी माणूस काय काय उघडतो.

त्या दिवशी बसल्या बैठकीला त्रेसष्टच्या त्रेसष्ट वाचली. जड का झाली होती? प्रत्येकाला फोटो जोडलेले. वडिलांचे जुने, आमचे दोघांचे चड्डीतले. आणि मजकूर काय, तर इकडचंतिकडचं. जिन्याला कठडा बसवला. आमच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, आनंद झाला. टायपिंग कोणी शिकत नाही, क्लास बंद केला, एक मशीन ठेवलंय. एका पत्रातही विचारलेलं नाही की उत्तर का देत नाहीस. एकाही! शेवटचं — ‘उद्या घशाचं ऑपरेशन आहे. यापुढे बोलता येणार नाही. आपल्यात त्यानं काही फरक पडत नाही, पण कळवून ठेवतो.’ मी वाचलं तेव्हा त्या पत्राला दीड वर्ष होऊन गेलेलं. माणूस आहे की नाही, तेसुद्धा मला कुणी — मीच सगळ्यांना तोडून ठेवलेलं, कोण सांगणार? मी नियम पुसला, उत्तर लिहिलं. तासभर लिहिलं, शेवटी एकच शब्द पाठवला. ‘मिळालं.’ नऊ मिनिटांत त्याचं उलटून आलं — ‘लवकर वाचलंस.’

हसा, हसा. मीही हसलो.

आता रोज बोलतो आम्ही, चार वाजता. फोनवर कसं बोलणार, त्याला आवाज नाही. यावरच. त्याला माझ्या मशीनवर एक खातं दिलंय, तो तिकडून आत येतो, पडद्याचे दोन भाग होतात — वर मी, खाली तो. मराठीच, इंग्रजी अक्षरांत. आणि ते तुमच्या मोबाइलच्या मेसेजसारखं नाही, आख्खं वाक्य शिजवून वाढलेलं. इथे एकेक अक्षर दाबाल तसं समोर उमटतं. थांबलात तर थांबलेलं दिसतं. खोडलंत तर खोडताना दिसतं. तो टायपिंगचा मास्तर, मशीनगन चालते नुसती, आणि माझी दोन बोटं म्हणजे बैलगाडी. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढतो. परवा म्हणाला, दादा, एका वाक्यात तीन चुका, क्लासात असतास तर बाहेर उभा केला असता. म्हणून म्हणतो, मशीन नेऊ नका. नव्यावरही काळा पडदा उघडतो म्हणता? उघडत असेल. त्याला पुन्हा नवीन पत्ता द्यायचा, नवीन पासवर्ड द्यायचा — दाराशी येऊन त्याला एक दिवस जरी आत येता आलं नाही ना, तर तो काय समजेल, तुम्हीच सांगा.

माफी? मागितली की. म्हणजे — पहिल्याच आठवड्यात. एक दिवस मी लिहायला घेतलं, त्या कुलपाचं, त्या नियमाचं. लिहिलं, बरं नाही वाटलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, अर्ध्यात खोडलं. पुन्हा. असं किती वेळ चाललं कोण जाणे, शेवटी माझा भाग कोराच राहिला. मी विसरूनच गेलो होतो की पलीकडे तो बसलाय आणि त्याला सगळं उमटताना दिसतंय. मग खालच्या भागात त्याची अक्षरं आली, हळूहळू आली, त्याच्या मानानं फारच हळू — ‘तुझी खोडाखोड वाचली. पुरे.’

काय लिहिलं होतं म्हणजे? खोडलेलं का? ते तुम्हाला हो कशाला ताई! तुम्ही मशीन बघायला आलात. ते बघा, उतरवून झालं, संपलं, डिस्क काढून घ्या. मुलीला सांगा, चालू आहे म्हणावं, उत्तम चालू आहे. उठा आता, चार वाजत आले.