नेव्हर घालून एक वाक्य

बिदरच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारी औरादहून आलेलं एक म्हातारं जोडपं होतं.

“अहो, डॉक्टर विचारायच्या आधी एकदा म्हणून दाखवा. यस्टरडे म्हंजी?”

“काल. वृंदा, जन्मभर इंग्रजी शिकवलंय मी.”

“व्हय की. मग आज वार कोणता?”

“सुधींद्र कामून आला न्हाई अजून?”

“मी वार विचारायलेय.”

“कॉलेज तर कवाच सुटलं असंल. कधी येणार तो?”

“टुमारो.”

“टुमारो म्हणजे उद्या. बरोबर. स्पेलिंगमध्ये आर दोनदा येतोय, पोरं तिथंच चुकतेत.”

पलीकडच्या बाईनं विचारलं, “अक्का, लेक बाहेरगावी असतोय का?”

म्हातारीनं तिच्याकडं वाकून हळूच सांगितलं, “न्हाई हो. कॉलेजात होता तवाच अपघातात गेला. ह्यांना आठवत न्हाई. खरं सांगितलं की दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं रडतेत. इंग्रजीत उत्तर दिलं की शिकवायच्या नादाला लागतेत, पुढचं विचारत न्हाईत.”

“वृंदा, गप्पा नंतर. नेव्हर म्हणजे?”

“कधीच न्हाई.”

“शाब्बास. आता नेव्हर घालून एक वाक्य कर.”

“मला येत न्हाई.”

“सोपं असतंय. आपल्या घरातलंच काहीतरी सांग.”

“घरातलं नको.”

“बरं, राहू दे. सुधींद्र आला की त्यालाच विचारू.”

“व्हय. तो आला की विचारू.”