खातेदार बेबाक असल्याबाबत

दिनांक ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी दोन इसमांनी माझ्या घराच्या तळमजल्यावरील खाणावळीच्या दारावर मला न विचारता एक कागद चिकटवला. त्याबद्दल हा जबाब आहे.

माझे नाव संध्या नागसेन खरात, वय ६८ वर्षे, टेलिफोन ऑपरेटर म्हणून सेवानिवृत्त, राहणार शिक्षक कॉलनी, अंबड, जिल्हा जालना. आज दिनांक १३ नोव्हेंबर रोजी मी आपणहून पोलीस ठाण्यात आले आहे. मला कोणी पढवलेले नाही. पढवण्याची कोणाची हिंमतही नाही.

मी वरच्या मजल्यावर एकटी राहते. खाली उषाबाई भाड्याने खाणावळ चालवतात व मागच्या खोलीत राहतात. त्यांना दुसरे घर नाही. त्यांच्याकडे एसटीचे वाहक, चालक व कॉलेजची मुले जेवतात.

हे घर आम्ही १९९८ साली गावातल्या तेव्हाच्या सहकारी बँकेचे कर्ज काढून बांधले. घरच तारण होते. माझे पती नागसेन खरात हे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पगार झाला की हप्ता भरायला ते स्वतः सायकलवर जात. २००९ साली सर्व कर्ज फिटले, बँकेने बेबाकी दाखला दिला व घरावरचा बोजा उतरला. पुढे बँक बंद पडली. त्यात माझ्या पतीचा हात नव्हता. ते २०१६ साली वारले.

घटनेच्या वेळी मी वर पेपर वाचत होते. उषाबाई धापा टाकत वर आल्या व म्हणाल्या, "ताई, खाली दोघंजण आल्तेत. घर कंपनीचं झालं म्हणून राह्यले. अठरा तारखेपर्यंत खाली करा म्हणले. मी कुकर बांधायला घेतलेत."

मी म्हणाले, "कुकर कशाला बांधता? आत भात आहे ना?"

"हाये की."

"मग आधी भात वाढा."

मी खाली गेले. दारावर निश्चिंत वसुली सर्व्हिसेस नावाच्या कंपनीची इंग्रजी नोटीस होती. जुन्या बँकेची येणी त्यांनी विकत घेतली आहेत, असे तिच्यात म्हटले होते. 'प्रिमायसेस' म्हणजे जागा खाली करा, असे लिहायचे होते, तिथे 'प्रॉमिसेस' असे छापले आहे. म्हणजे अठरा तारखेपर्यंत उषाबाईंनी वचने खाली करायची आहेत. माझे शिक्षण जालन्याला नन्सच्या शाळेत झाले. तिथे असे इंग्रजी लिहिणाऱ्याला बाकावर उभे करत.

दोन्ही इसम अजून दारातच होते. त्यांपैकी एक गाडीचा चालक होता. दुसऱ्याने आपले नाव राधेश्याम, राहणार इंदूर, असे सांगितले. यापुढे भाडे कंपनीकडे जमा करा, नाहीतर सामान रस्त्यावर ठेवू, असे त्याने उषाबाईंना माझ्यादेखत पुन्हा बजावले. त्यानंतर तो मला म्हणाला, "मॅडम, कर्जा आप के साहब ने लिया और डुबाकर चले गए." त्या वेळी खाणावळीत दहा-बारा माणसे जेवत होती. हे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे. मराठी करू नये.

मी त्याला कर्ज फिटल्याचे सांगितले. त्याने मोबाईल काढला व म्हणाला, "मॅडम, हमारे पास सब लिखा है. आप के खाते के सामने साफ लिखा है, बेबाक."

मी म्हणाले, "बेबाक लिहिलंय ना?"

"जी, लिखा है."

"मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू द्या."

त्याने वाचले, "खातेदार बेबाक."

"मग तुम्ही इथे आलात कशाला?"

"इसीलिए तो आए हैं, मॅडम. सीधे लोगों के यहाँ एक आदमी जाता है. बेबाक के यहाँ दो भेजते हैं."

मला वाटले हा माणूस खुळा आहे. त्यालाही माझ्याबद्दल तसेच वाटले असावे. मग त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. जुन्या बँकेच्या शेऱ्याखाली कंपनीने त्याचे इंग्रजी केले होते. 'बॉरोअर इज बोल्ड अँड आउटस्पोकन. टू बी हँडल्ड फर्मली.' म्हणजे कर्जदार धीट व फटकळ आहे, त्याच्याशी कडक वागावे.

हा जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांच्या माहितीसाठी सांगते, त्यांची बदली नुकतीच कोकणातून झाली आहे. आमच्या भागात निजामाच्या काळापासून कर्ज पूर्ण फिटले, बाकी काही उरली नाही, की खाते बेबाक झाले म्हणतात. हिंदीत बेबाक म्हणजे तोंडावर बोलणारा. बँकेने कर्ज फिटल्याची नोंद केली आणि कंपनीने ती कर्जदाराच्या स्वभावाची नोंद समजली.

हे मी राधेश्यामला समजावले. त्याचा विश्वास बसेना. त्याने वरिष्ठ शीतल मॅडम यांना फोन लावला व माझ्या सांगण्यावरून स्पीकर चालू केला. त्या म्हणाल्या, "अच्छा? बेबाक मतलब क्लिअर? लेकिन अंबड ब्रांच के तो साठ-सत्तर खातों पर यही लिखा है. हमें लगा, वहाँ के लोग ही मुँहफट हैं."

यावर भाकरी मोडता मोडता एक वाहक म्हणाला, "ते बी काही खोटं न्हाई." खाणावळीत सर्व हसले. राधेश्यामही हसला. मीही हसले. ते लपवण्यात अर्थ नाही.

परंतु शीतल मॅडम पुढे म्हणाल्या, "हेड ऑफिस से पूछना पड़ेगा. तब तक नोटिस रहने दो, तारीख वही रहेगी." म्हणजे शब्दाचा अर्थ त्यांना कळला, तरी अठरा तारखेला उषाबाई रस्त्यावर जायच्या त्या जायच्याच. इथे माझे हसू संपले.

उषाबाईंनी दोन्ही इसमांना जेवू घातले. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "असू द्या ताई, पोराला काय कळतंय. वरून पाठवलं की आलं." राधेश्यामने दोन वेळा शेवभाजी घेतली व पैसे दिले. जाताना तो खालच्या आवाजात "सॉरी मॅडम" म्हणाला. सामान रस्त्यावर ठेवण्याची भाषा चारचौघांत मोठ्याने झाली होती, हे लक्षात घ्यावे.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, मला मारहाण झाली नाही. मी कोणाला केली का, असेही विचारण्यात आले. नाही. नोटीस मी फाडलेली नाही. ती पुरावा म्हणून दारावर तशीच आहे. उषाबाईंनी तिच्यावर रोजच्या भाजीची पाटी टांगली आहे, परंतु पाटी उचलली की ती दिसते.

मी बेबाकी दाखल्याची प्रत सोबत दिली आहे. उषाबाईंनी अद्याप दोन कुकर सोडलेले नाहीत. काल त्यांनी एकाच कुकरमध्ये तीन वेळा भात लावला. मी सांगूनही त्या ऐकत नाहीत. "लेखी येऊ द्या, मंग सोडते" म्हणतात. त्यांचे बरोबर आहे. म्हणून माझी मागणी अशी की, कंपनीने उषाबाईंच्या नावाने लेखी कळवावे की त्यांना जागा सोडायची नाही. माझ्या नावाने लेखी कळवावे की नागसेन गणपत खरात यांनी घेतलेले कर्ज त्यांनी स्वतः पूर्ण फेडले होते. अंबडच्या ज्या घरांत बेबाक लिहिले म्हणून माणसे पाठवली, त्या प्रत्येक घरी असेच पत्र जावे. फोनवर सांगितलेले चालणार नाही. फोनवर लोक काय काय कबूल करतात, ते मी अडतीस वर्षे ऐकले आहे.

हवालदारांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. "कंपनी" त्यांनी तीन ठिकाणी "कंपणी" लिहिले होते, ते मी दुरुस्त करून घेतले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे व खरे आहे. कंपनीचे लेखी उत्तर, मराठीत, सोमवार दिनांक १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी पाचच्या आत, आधी खालच्या मजल्यावर पोहोचले पाहिजे.

सही
संध्या नागसेन खरात