व्याह्यांसमोरचा गुडघा

आमच्या नानांचा गुडघा नक्की किती वाकडा आहे, हे जळगावच्या डॉक्टरांना अजून कळलेलं नाही. त्यात डॉक्टरांची काही चूक नाही.

वडिलांना, म्हणजे नानांना, मीच चोपड्याहून घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी आधी झोपवून मोजलं. बाक पाच अंश. उभं करून मोजलं तर नऊ.

"वजन आलं की वाढतोय. आता चालताना बघू," म्हणाले, आणि नानांना बाहेरच्या पॅसेजमध्ये चालायला लावून मोबाइलवर शूटिंग सुरू केलं.

पॅसेजमधल्या बाकावर माझ्या बहिणीचे सासरे बसलेले. पाचोऱ्याहून गुडघाच दाखवायला आले होते. व्याही दिसले मात्र, नाना परेडला निघाल्यासारखे ताठ चालले.

"दुखत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नई. मना गुडघा एकदम ठीक शे."

मग व्याह्यांचा नंबर लागला. आता बाकावर नाना बसले होते. व्याहीही तसेच ताठ चालले.

डॉक्टरांनी मोबाइलची काच पुसली.

निघताना दोघंही दारापाशी थांबले.

"चला नाना, तुम्ही पुढे व्हा."

"छे, छे. आम्ही मुलीकडचे. मान तुमचा."

पुढे जाणारा मागच्याला लंगडताना दिसणार, हे दोघंही जाणून होते. दहा मिनिटं कोणी हललं नाही.

शेवटी डॉक्टरच बाहेर आले. म्हणाले, "उभेच आहात, तर उभ्याचं माप पुन्हा घेतो."