समुद्र उजव्या हाताला

मालसून : हॉर्न वाजवून भिंती सरकत असत्या, तर आम्ही घरोघरी हॉर्नच बांधले असते. काच खाली कर गं!

मिरान : माफ करा, आजी. नकाशात रस्ता दाखवत होता. पुढे समुद्राकडे निघतो म्हणून.

मालसून : निघतो की. माणूस निघतो, घोडं निघतं. गाडी न्हाई निघत. या वर्षातली तू तिसरी. जेजूला येता समुद्र बघायला, अन माझ्या लसणाच्या शेताच्या भिंतीत घुसता. उतर खाली.

मिरान : दार उघडत नाही. दोन्हीकडे दगड आहेत. बोट जाईल एवढीच फट आहे.

मालसून : बरोबर कोण हाय?

मिरान : कोणी नाही. एकटीच आहे. मिरान माझं नाव, देजॉनची मी. काल मोकपोहून गाडी बोटीवर चढवली. बेटाला एक फेरी मारायची होती.

मालसून : मग मागं घे की. आलीस तशी जा.

मिरान : मला मागे घेता येत नाही.

मालसून : म्हंजे?

मिरान : कधी घेतलीच नाही. गाडी लावायची वेळ आली की नवरा लावतो, मी उतरून उभी राहते.

मालसून : मग हितवर कशी आलीस?

मिरान : सरळच आले. जिथे मागे घ्यावी लागेल असं वाटलं, तिथे थांबलेच नाही. काल जेवलेही नाही त्यापायी.

मालसून : अगं बया!

(गाडीच्या स्पीकरवर फोन वाजू लागतो.)

मिरान : त्यांचाच आहे. नवऱ्याचा. मी ग्वांग्जूला ताईकडे जाते म्हणून सांगितलंय.

मालसून : मग नको घेऊ.

मिरान : नाही घेतला तर करतच राहतात. हॅलो?

सांगहून : कुठेयस?

मिरान : ताईकडे.

सांगहून : गाडी जेजूत दिसतेय मला फोनवर. कालपासून. म्हटलं, बघू स्वतःहून सांगतेस का. बरोबर कोण आहे?

मिरान : कोणी नाही.

सांगहून : आत्ता कोणाचा तरी श्वास ऐकू आला.

मालसून : माझा. म्हातारी हाय मी, धाप लागते. तुमची बायको माझ्या भिंतीत घुसलीय.

सांगहून : मिरान! धडकवलीस?

मिरान : धडकली नाही. अडकलीय. बोळात.

सांगहून : मी काय सांगत होतो? तुला नाही जमायचं. आता ऐक. इंजिन बंद कर. कशाला हात लावू नकोस. छोंगजूहून संध्याकाळचं विमान आहे, मी येतो आणि काढतो गाडी. तोवर तिथेच बस.

मिरान : मी म्हणत होते की...

सांगहून : रागावलोय का मी? नाही ना? काळजी वाटते म्हणून बोलतो. बस हं तिथेच.

मालसून : ठेवला?

मिरान : हो.

मालसून : मारतो का?

मिरान : नाही हो! कधीच नाही. चांगले आहेत. थंडीत माझी सीट आधी गरम करून ठेवतात. मी निघाले की सोबत येतात. कुठेही. केस कापायला गेले तरी बाहेर गाडीत बसून असतात.

मालसून : हं.

मिरान : तक्रार करण्यासारखं काही नाहीच. आईला सांगायला गेले, तर म्हणाली, मागल्या जन्मी देश वाचवला असशील म्हणून असा नवरा मिळाला. मग मी आणखी कोणाला सांगणार?

मालसून : अन ही फेरी कशापायी?

मिरान : एकदा केस कापून बाहेर आले, तर गाडी रिकामी. ते पाण्याची बाटली आणायला गेले होते. मी रस्त्यावर उभी. म्हटलं, चला, ते येईपर्यंत कुठेतरी जाऊन येऊ. तर मला जागाच सुचेना, आजी. एकही. ते येईपर्यंत तिथेच उभी राहिले. त्या दिवशी भीती वाटली स्वतःची.

मालसून : मला न्हाई बाई एवढा इचार जमला कधी. मी समुद्रात जायची, तळाचे शिंपले काढायला. बुडी मारली की वरून कोणी हाका मारू दे. माझी सासू काठावर उभी राहून बोंबलायची. दम असेस्तोवर मी खाली.

मिरान : आणि वर आल्यावर?

मालसून : वर आल्यावर सासू हायच की! पण तेवढा दम माझा. बरं, बोल. बसून राहणार असशील तर मी जाते, लसूण उपटायचा पडलाय.

मिरान : दुसरं काय करू? दगडात रुतलाय आरसा.

मालसून : दगड काय चुन्यानं बसवलेत? नुसते रचलेत. वाऱ्याला वाट हवी म्हणून. हा एक उचलला, अन हा खालचा, की सुटलीस तू.

मिरान : अहो, तुमची भिंत!

मालसून : माझी हाय म्हणून तर काढते. पलीकडची त्या शेजारच्या म्हाताऱ्याची. तिला मेले तरी हात लावणार न्हाई. हं, निघाला. आता चालू कर.

मिरान : आरशात नुसते दगडच दिसतायत.

मालसून : आरशात नको बघू, मान वळव. मी मागं उभी हाय.

मिरान : मागे नका उभ्या राहू! मी तुम्हाला चिरडेन.

मालसून : म्हणूनच उभी राहते. हळू येशील. ये. ये. थांब! डाव्या अंगाला घासतीय. जरा पुढं जा. हं, ये आता.

मिरान : फोन वाजतोय.

मालसून : वाजू दे. ये. खरडलं जरासं.

मिरान : किती?

मालसून : नखाएवढं. गाडीचं काय लगीन करायचंय? ये, ये, अशी. वळव आता. बास! निघालीस की गं!

मिरान : निघाले?

मालसून : उतरून बघ. दार दोन्ही हातांनी धर, वारं उपटून नेईल.

मिरान : दगड मी परत लावते.

मालसून : लाव. मोठा खाली. अन ऐक, तो नकाशा बंद कर. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, मग चुकायचं म्हटलं तरी चुकत न्हाई. धुकं दिसलं तर डोंगराचा रस्ता धरू नको. खानावळीत एकटीला ताट देत न्हाई म्हणाले, तर दोघांचं माग अन उरलेलं बांधून घे. उपाशी फिरू नको.

मिरान : त्यांना फोन करू का?

मालसून : मला काय इचारतीस?

मिरान : हॅलो. निघाली गाडी. मागे घेऊन काढली.

सांगहून : कोणी?

मिरान : मी. डावीकडे खरडलीय. अहो, विमान घेऊ नका.

सांगहून : तिकीट काढलंय. विमानतळावर येऊन थांब.

मिरान : मी समुद्राकडे चाललेय. रविवारच्या बोटीनं परत येईन.

सांगहून : एकटी काय करणार आहेस तिथे?

मिरान : माहीत नाही अजून.

सांगहून : मिरान, मी येतोय.

मिरान : ऐकलं मी. ठेवते आता.

मालसून : येणार?

मिरान : येतील. गाडी कुठेय ते दिसतंच त्यांना.

मालसून : मग?

मिरान : मग काय, शोधतील. पण विमानतळावर मी नसेन. आजी, तिथे त्यांना टॅक्सी मिळेल ना?

मालसून : मिळंल की गं. तू नीघ.