गिऱ्हाची खाडी

उद्या पलीकडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकणार म्हणता ना? मग जरा जवळ सरका, आणि ऐका. होडी वल्हवण्यात माझी चाळीस वर्षं गेली, पण त्या रात्रीएवढा मी कधी भ्यालो नाही.

कोल्हापूरकडची माणसं. रोहिणीताई, तिची आठ वर्षांची ओवी आणि सासरे, आबा. नवरा फौजेत. पोरीला अंडी घालायला येणारी कासवीण बघायची होती. दुपारी मीच त्यांना पलीकडं सोडलं. वाटेत डॉल्फिन दिसले. खाडीच्या काठाला पाणमांजरांची जोडी मासा खात बसलेली दिसली. पोर नुसती टाळ्या पिटत होती!

उतरताना मी बजावलं, "ताई, आज ओहोटी मोठी. रात्री खाडी गुडघाभर दिसेल. चालत यायचं नाही हां. इथं गिऱ्हा आहे."

"गिऱ्हा म्हणजे?"

"पाण्यातलं भूत. वाट चुकवतं आणि खोलात नेतं."

ती हसली. हसतात सगळेच. तुम्हीपण हसताय, दिसतंय मला.

रात्री नऊचा सुमार. ओवी शेकोटीसाठी काटक्या उचलायला गेली आणि विंचू डसला. तांबडा विंचू! पोरीला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. फोनला रेंज नाही. पुलावरून यायचं तर अडीच तास. खाडीतून वीस मिनिटं. आबांचे गुडघे धरलेले, ते काय चालणार?

"तुम्ही थांबा. मी नेते तिला," ताई म्हणाली. ओढणीनं पोर पाठीशी बांधली आणि शिरली पाण्यात.

हे सगळं तिनं मला मागाहून सांगितलं. ऐका.

पाणी गुडघ्याएवढंच होतं. समोर माझ्या पडवीचा दिवा. दिव्याकडं बघून चालायचं, झालं. पण चालता चालता दिवा डावीकडं सरकला. समुद्राकडं! ताई थांबली. दिवा असा चालतो का कधी? तिनं त्याच्याकडं बघायचंच सोडलं. समुद्राची गाज डाव्या कानाशी धरली आणि सरळ निघाली.

मग मागून आबांचा आवाज. "सूनबाई, परत ये गं! औषध सापडलं!"

तिनं मान वळवली नाही. बॅगेत औषध नव्हतं, तिनं स्वतः दोनदा बघितलं होतं.

मग गाज बंद झाली. एकदम! आणि चहूबाजूंनी एकसारखी सुरू झाली. डावं कुठलं, उजवं कुठलं, काही कळेना. पण बाई मोठी हिकमती. तिनं पाय घट्ट रोवून पाण्याची ओढ बघितली. ओहोटीचं पाणी समुद्राकडं जाणार. ते उजव्या पायावर आपटत होतं. म्हणजे गाव समोर. चालली!

आणि समोरून होडी आली. होडीत कोण? मी!

"ताई, पोर द्या इकडं. तुम्ही दमलात."

माझाच चेहरा. माझाच आवाज. तिनं ओढणीच्या गाठीला हात घातला. तेवढ्यात पाठीवरून पोर पुटपुटली, "आई, काकांच्या हातांतून पाणी गळतंय."

खरंच. दोन्ही तळव्यांतून धार लागलेली, थांबतच नव्हती.

ताई म्हणाली, "मी चालतच जाणार."

"मग चाल," तो म्हणाला, आणि पाणी चढलं. ओहोटीचं पाणी चढतं का कधी? चढलं! कमरेला, छातीला. खालून कुणीतरी घोटा धरला. तिनं पोरीला पाठीवरून सोडवून डोक्यावर घेतलं. तो पाय ओढायचा, ती हिसडा देऊन पुढं टाकायची. एक पाऊल. आणखी एक. आणि ओरडली, "कुणी आहे का? माझी पोर मरतेय!"

ते मी ऐकलं. बॅटरी घेऊन धावलो. बघतो तर काय! पाणी गुडघ्याएवढंच, आणि ताई केसांपर्यंत भिजलेली. मी हात पुढं केले.

"हात लावू नकोस!" अशी ओरडली, असं बघितलं माझ्याकडं, की मी जागीच थिजलो. माझ्या बाजूनं वर आली, कोरड्या वाळूवरून थेट माझ्या घरात. माझी बायको शेवंता दारात उभी होती, तिच्या हातांत पोर दिली आणि मग खाली बसली.

जीप काढली. दवाखान्यात सुई दिली, सलाईन लावलं. पहाटे पोरीनं पाणी मागितलं. वाचली!

उजाडता उजाडता मी आबांना आणायला गेलो. म्हातारा माझ्याकडं पाठ करून बसलेला.

"आबा, चला. ओवी बरी आहे."

वळेनात. म्हणाले, "रात्रीपासून पाच वेळा आलास. पाचही वेळा हेच सांगितलंस."

मी होडीपाशीच थांबलो. उन्हं अंगावर आली, वाळूत माझी सावली दिसली, तेव्हा कुठं त्यांनी माझा हात धरला.

तर उद्या जा, कासवं बघा, पोरांना सगळं दाखवा. रात्री नड पडली तर पुलावरूनच या, पहाट झाली तरी चालेल. खाडीची वाट धरायची नाही. आणि अंधारात मी होडी घेऊन आलो, तुमचं नाव घेऊन हाक मारली, तर माझ्याकडं बघूसुद्धा नका.