ठोका चुकला आणि कान गेला

नाही नाही, डॉक्टरांना कशाला बोल लावायचा, त्यांचा हात स्वच्छ, घात केला तो माझ्याच घरच्यानं, आणि घरचा म्हणजे किती घरचा, तर इथला, छातीतला! तुम्हाला सांगतो, मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस, बॉनेट उघडायच्या आधी डावा कान पुढे करतो आणि इंजिनाच्या पोटात काय दुखतंय ते सांगतो. त्याच डाव्या कानाच्या आत, पार कवटीच्या तळाशी, गाठ निघाली. ऐकण्याच्या नसेवरच बसलेली... एवढी मोठी कवटी, हिला दुसरी जागा मिळू नये?

डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, कान वाचवायचा प्रयत्न करू. आता 'प्रयत्न करू' हे मीही गिऱ्हाइकांना सांगतो, तेव्हा मी तिथंच काय ते ओळखायला हवं होतं. पण म्हटलं, आपलं हृदय ठणठणीत आहे, विडी नाही, दारू नाही, जन्मभर जपलंय, ते निभावून नेईल. सांगा, भरवसा ठेवायचा कुणावर?

मी भुलीत, हे सगळं मागाहून कळलं. गाठ सोडवताना शेजारच्या एका नसेला धक्का लागला. गालावर माशी बसली की कळवते ना, ती नस. जरासा धक्का हो! तर तिनं थेट हृदयाकडे बोंब ठोकली आणि आमचं हृदय... बसलं. भूल देणाऱ्या बाई म्हणे ओरडल्या, "हात काढा, ठोके थांबलेत!" डॉक्टरांनी हात उचलला, की स्वारी पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. परत हात लावला, परत बसकण! त्या रुसव्याफुगव्यात रक्तदाब घसरला, आणि उपाशी कोण राहिलं? ऐकण्याची नस.

डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "बहुधा त्यातच कान गेला. ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, कुणाच्या हातात नसते. नसेनं सांगितलं, हृदयानं ऐकलं."

ऐकलं? बायकोच्या बाळंतपणात, मुलीच्या निकालाच्या दिवशी, बाबा रे, जरा दमानं घे म्हणून मी याला किती विनवलं, तेव्हा धाडधाड उड्या मारत होतं, माझं एकदा म्हणून ऐकलं नाही, आणि त्या माशीची खबर देणाऱ्या नसेचं लगेच ऐकलं! भरवसा ठेवायचा कुणावर?

आता आवाज येतो, पण कुठून येतो ते कळत नाही. परवा एका गाडीखाली शिरून खडखड शोधत बसलो, शोधत बसलो, आणि ती निघाली शेजारच्या गाडीची. गिऱ्हाईक जुनं, गुपचूप गाडी घेऊन गेलं. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू... त्याच कानावर तर माझं नाव होतं.

म्हटलं, निदान बायको तरी आपली. तर ती रोज चहा घेऊन मुद्दाम डाव्या बाजूला बसते आणि अगदी हळू काहीबाही सांगत राहते. ओठ हलताना दिसतात, मधेच डोळे पुसते, मधेच हसते. काल म्हटलं, अगं, इकडून ये, तिकडचं काही कळत नाही मला.

तर माझी मान पुन्हा सरळ करून उजव्या कानात म्हणाली, "राहू द्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधे न बोलता ऐकताय."

बसतो मग मुकाट्यानं. करतो काय!